येताना उशी घेऊन या

माझी नणंद तंत्र शिकवते. हे वाक्य मी कुठेही बोलले की समोरचा माणूस दोनांपैकी एक गोष्ट करतो. खुर्ची मागे सरकवली तर समजावं, ही बाई आता पिशवीतून कवटी काढणार असं त्याला वाटलंय. पुढे सरकवली तर त्याला काय वाटलंय ते मी सांगायला नको. पहिल्या जातीच्या माणसाची मला कीव येते. दुसऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, आणि एकदोनदा वाजवलीही आहे. मी गाद्या शिवते, माझ्या हाताला जोर आहे.

घरात तिला सगळे बारकी म्हणतात. आमच्या ह्यांच्या पाठची, सगळ्यांत धाकटी आणि अंगानं काडी. आता केस पांढरे झाले तरी ती बारकीच. तिचं लग्न झालं तेव्हा जावई म्हणजे सोनं मिळालं असं आमच्या सासूबाई गावभर सांगत फिरल्या. चारचौघांत तो तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही. घरी गेला की आधी दाराला कडी लावायचा आणि मग मारायचा. कधीही चिडून नाही. कडी लावायची, घड्याळ काढून ठेवायचं, बाह्या दुमडायच्या, असं सगळं पद्धतशीर. बारकीनं हे कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "चाललंय."

एकदा आम्ही दोघं न कळवता तिच्याकडे गेलो. दार बंद, आणि आतून आवाज येत होता. हे दारावर थापा मारत बसले. मी शेजारच्या पडक्या कुंपणातून लोखंडी पाइप उपटला आणि बिजागरीवर घातला. दार आत पडलं तेव्हा त्यानं बारकीचा डावा हात कपाटाच्या खणात धरला होता आणि गुडघ्यानं खण आत ढकलत होता. पाइप माझ्या हातात होताच. पुढचं सांगत नाही, त्याचे नातेवाईक अजून आमच्याच गावात राहतात. एवढंच सांगते की बारकीची डाव्या हाताची बोटं अजून सरळ होत नाहीत, आणि त्याचं नाकही झालं नाही.

आम्ही तिला घरी आणलं. त्यानंतरचे महिने मी विसरणार नाही. कुणाची बाही जरी तिला घासली तरी ती भिंतीवर जाऊन आदळायची. ताप बघायला म्हणून मी कपाळाला हात लावला तर माझ्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. मी चिडून ओरडले, ती पलंगाखाली गेली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची, कसलेसे वर्ग घ्यायची. श्वासाचे, शरीराचे. तिला हे कळलं तेव्हा ती आली, बारकीच्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "आत येऊ का?" बारकी म्हणाली, "नाही." म्हातारी म्हणाली, "बरं," आणि चपला घालून निघून गेली. मला वाटलं, ही कसली मदत. पण बारकी पलंगावर उठून बसली होती आणि दाराकडे बघत होती. तिच्या नाहीवर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी निघून गेलं होतं. म्हातारी दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशी आली, पाऊस असो की ऊन, येतच राहिली. हात लावायला तिनं वर्ष घेतलं. बारकी तिची शिष्या झाली ती अशी.

तेव्हा तंत्र म्हणजे काय ते मला विचारू नका. श्वास आहे, डोळ्यांत बघत बसणं आहे, आणखीही पुष्कळ आहे, मी कोपऱ्यात बसून सगळं पाहिलंय आणि निम्मं कळलेलं नाही. बारकी एवढंच सांगते की शरीराला आधी विचारायचं आणि ते उत्तर देईपर्यंत थांबायचं. तिच्या कार्यशाळेचे नियम दोन. कुणाला हात लावण्याआधी विचारायचं. आणि दाराला कडी लावायची नाही. ज्याला जायचंय त्याला कधीही उठून जाता आलं पाहिजे.

मी तिच्याबरोबर जाते, कारण तिच्या वर्गात उशा फाटतात. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास असतो, त्याला ती मोकळं व्हायचा तास म्हणते. सगळ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची, गुडघ्यांवर बसायचं, समोर उशी ठेवायची आणि तिला बदडत "नाही" ओरडायचं. जन्मात जिथे जिथे म्हणायचं राहिलं ती सगळी नाही तिथे काढायची. उशा घरूनच आणायच्या. मी तिला किती वेळा म्हटलं, मी चांगल्या मजबूत उशा शिवून देते, जाड कापडाच्या. ती म्हणते, "नाही वहिनी, स्वतःचीच हवी. जिच्यात तोंड खुपसून माणूस गप्प बसलाय ती." झालं. मग फाटतात, आणि मी दाभण घेऊन कोपऱ्यात बसते. दाभण म्हणजे गादी शिवायची जाड, लांब सुई. दोरा ओवून चार थरांतून आरपार जाते.

त्या शहरात आम्ही पहिल्यांदाच जात होतो. तिथल्या एका निवृत्त गायनमास्तरांनी बोलावलं होतं. बसमधून उतरलो तर स्टँडवर दोन हमाल एकमेकांना धरून सिमेंटच्या खांबावर आपटत होते. कशावरून, तर एका ट्रंकेवरून. ट्रंकेची मालकीण बाजूला उभी राहून केळं खात होती. त्यातल्या एकाच्या ओठातून रक्त येऊन बारकीच्या चपलेवर पडलं. मी म्हटलं, "चांगलं स्वागत आहे." बारकी त्या दोघांच्या मध्ये जायला निघाली, मी तिची पिशवी धरून तिला मागे ओढलं. प्रत्येक भांडणात पडायचं ही तिची खोड, आणि तिला बाहेर काढायचं हा माझा धंदा.

हॉल एका पत्रेवाल्याच्या दुकानावर होता. खाली दिवसभर पत्रा ठोकायचे, बादल्या, पन्हळी, कोठ्या. पत्रेवाला जिन्याच्या तोंडाशी हातोडी घेऊन उभा होता. मला खालून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, "वर कपडे वगैरे काढणार का?"

"काढणार," मी म्हटलं. "स्वेटर. तुमच्या हॉलला पंखे नाहीत असं कळलं."

बारकी हसली नाही. तिनं त्याला नीट समजावून सांगितलं, की उद्या दुपारी वरून आरडाओरडा येईल, आपटाआपटीचा आवाज येईल, किंचाळ्यासुद्धा येतील. घाबरू नका आणि वर येऊ नका. लोकांना मध्येच कुणी बघितलं की ते गप्प होतात.

"आमच्याकडे कोण येतंय बघायला," पत्रेवाला म्हणाला. "इथे कोण किंचाळलं तर आम्ही हातोडी जरा जोरात मारतो, म्हणजे ऐकू येत नाही."

त्यानं ते गमतीत म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी लोक आले. गायनमास्तर, त्यांची जाडजूड बहीण, एक दात काढणारा डॉक्टर, शाळेतल्या दोन बाई, भांडून वेगळं होण्याच्या बेतात असलेलं एक जोडपं, आणखीही काही. आणि सगळ्यांत शेवटी एक बाई, भिंतीला धरून आत आली. बेकरीत काम करायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भट्टीच्या ट्रेनं भाजल्याचे आडवे चट्टे होते, काही जुने, काही ओले. आम्ही तिला पाववाली म्हणायला लागलो, आणि तिलाही ते आवडलं असावं. मी तिच्या हातांकडे पाहिलं. सगळे चट्टे आडवे होते, पण दंडावर एक उभा होता. भट्टीच्या ट्रेला उभी कड नसते. बारकीनंही तो पाहिला. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

दुपारी जोड्या करून बसवलं. एकानं विचारायचं, "हात लावू का?" दुसऱ्यानं मनात येईल ते सांगायचं, हो किंवा नाही. पाववालीसमोर बारकी स्वतः बसली.

"हात लावू का?"

"चालेल," पाववाली म्हणाली.

"चालेल हे उत्तर नाही झालं. हो म्हण, नाही म्हण."

पाववालीनं बराच विचार केला. "तुम्हाला जे बरं वाटेल ते. मला चालेल."

बारकीनं पुन्हा विचारलं, आणि पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी चालेल. दात काढणारा डॉक्टर शेजारी बसून ऐकत होता, त्याला हसू आलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते गिळलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती चटया गोळा करायला मदत करत मागे राहिली. मग आपणहून बोलली. नवरा कुलपं दुरुस्त करतो, त्याचं चौकात दुकान आहे. घरच्या दाराला त्यानं बाहेरून कुलूप बसवलंय. बेकरीतून यायला उशीर झाला की ती बाहेर, लवकर आली की ती आत. आज तिनं बेकरीत आजारी असल्याचं सांगितलं आणि इकडे आली. "त्याला कळलं तर," ती म्हणाली. वाक्य तिथेच सोडून चटई गुंडाळायला लागली.

बारकी तिच्यासमोर खाली बसली. "ऐक. या खोलीत तुला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द आहे."

मला ते आवडलं नाही. मी आयुष्यभर कापूस मोजून भरलाय, जेवढा मावेल तेवढाच भरावा हे मला ठाऊक आहे. रस्त्यात मी बारकीला म्हटलं, "असले शब्द देऊ नये. निदान उद्या कडी तरी लाव."

"कडी लावली की मी श्वास घेऊ शकत नाही, वहिनी."

"मग मी दाराशी बसते."

"तू दाराशी बसलीस की लोकांना वाटतं कोंडलंय." तिचा चेहरा बघून मी तो विषय सोडला. तसंही कुलुपांवर पोट भरणाऱ्या माणसाला कडीनं काय अडवलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाववाली उशी घेऊन आली. निळ्या पट्ट्यांची, तेलकट डागांची, मोठी उशी. मी म्हटलं, "एवढी मोठी उशी तुझी?" ती म्हणाली, "त्याची आहे. माझी नाहीच, मी हातावर डोकं ठेवते." हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. अख्ख्या शहरातून भर दुपारी ती काखेत उशी मारून चालत आली होती. बाईमाणूस उशी घेऊन रस्त्यानं चालली की सगळा रस्ता बघतो, दुकानदार विचारतात, कुठे निघाली स्वारी, झोपायला का. आम्हा दोघींच्या डोक्यात हे आलं नाही. आम्ही गावोगाव उशा मागवत फिरलो, पण माणसं त्या आणतात कशा हा विचार कधी केला नव्हता.

पट्ट्या बांधल्या. बारकी स्वतःही पट्टी बांधते. लोकांना जे करायला लावते ते ती स्वतः करते. तिच्याजवळ कांस्याचा एक जड वाडगा असतो. त्यावर लाकडी दांडी मारली की थांबायचं, पट्टी काढायची, हे सगळ्यांना आदल्या दिवशीच शिकवलेलं असतं. सगळ्यांत डोळे उघडे फक्त माझे. मी कोपऱ्यात, मांडीवर शाळेतल्या एका बाईंची फाटकी उशी, हातात दाभण.

सुरुवातीला लोक लाजतात. मग एकजण ओरडतो आणि बांध फुटतो. गायनमास्तरांचा आवाज फाटला. त्यांची बहीण दोन्ही हातांनी उशीला अशी कुटत होती की जमीन हलत होती. वेगळं होऊ घातलेलं जोडपं पाठीला पाठ लावून नाही नाही नाही करत होतं, बहुधा त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. खाली पत्रेवाल्यानं कबूल केल्याप्रमाणे हातोडे जोरात चालवले होते. त्या गलक्यात एकटी पाववाली गप्प होती. उशीवर बुक्क्या मारत होती, तोंड उघडत होती, आवाज येत नव्हता.

दारात एक माणूस आला. मध्यम उंचीचा, साधा शर्ट, खिशाला स्क्रूड्रायव्हर. त्यानं चपला काढल्या, बाकीच्यांच्या चपलांच्या रांगेत नीट लावल्या. मला वाटलं कुणीतरी उशिरा आलंय. तो रांगांमधून चालत एकेक उशी बघत गेला. निळ्या पट्ट्यांच्या उशीपाशी थांबला. आपली बायको आपल्या उशीला मारते आहे हे त्यानं क्षणभर उभं राहून पाहिलं. मग त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

पहिली बुक्की तिच्या कानावर बसली. ती आडवी झाली. त्यानं केसांना धरून वर घेतलं आणि तोंड जमिनीवर आदळलं, परत वर घेतलं, परत आदळलं. आणि ती माराला एवढी सरावलेली, की तिनं आवाज केला नाही. मी ओरडले. "अहो, सोडा तिला, सोडा!" माझ्या शेजारी बसलेल्या शाळेतल्या बाई पट्टीआडून खुशीत म्हणाल्या, "हं, अजून मोठ्यानं!" मी उठायला गेले. माझे गुडघे आयत्या वेळी दगा देतात. अख्खी खोली ओरडत होती आणि त्या ओरडण्याच्या मधोमध एक बाई मुकाट मरत होती.

तेवढ्यात बारकीचं डोकं वळलं. डोळ्यांवर पट्टी तशीच. नंतर मी तिला विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, कापसावर मारल्याचा आवाज वेगळा आणि माणसावर मारल्याचा वेगळा. तो आवाज मी आतून ऐकलाय.

तिनं पट्टी ओढून काढली आणि धावली. पाववालीवर सरळ आडवी पडली. त्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली. तिनं एक हात वर करून म्हटलं, "थांब. तिला विचार आधी."

"माझी बायको आहे," तो म्हणाला. "कुणाला विचारू?"

आणि त्यानं तिचा जमिनीवर टेकलेला उजवा हात टाचेखाली घेतला. मला इतक्या लांबून मोडल्याचं ऐकू आलं. बारकी किंचाळली, आणि तिच्या किंचाळीवर सगळी खोली आणखी मोठ्यानं ओरडली. तिनं वाकड्या बोटांच्या डाव्या हातानं वाडगा ओढला. ती बोटं कपसुद्धा नीट धरत नाहीत. कसा उचलला तिचं तिला माहीत. गुडघ्यावर उठून तिनं तो त्याच्या कानशिलावर घातला.

तो खाली बसला. वाडगा तिच्या हातातून सुटला, जमिनीवर पडला आणि वाजला. गोल फिरत बराच वेळ वाजत राहिला.

सगळे थांबले. शिकवल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवले, श्वास सोडला, पट्ट्या काढल्या. समोर रक्त होतं. पाववालीचा एक डोळा दिसतच नव्हता, तिथे नुसता लाल गोळा होता. निळ्या पट्ट्यांवर दोन दात पडलेले होते. दात काढणाऱ्या डॉक्टरानं ते पाहिले आणि त्याला ओकारी आली.

तो माणूस तेवढ्यात उठला. खिशातला स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बारकीकडे वळला. तोवर माझे गुडघे एकदाचे चालते झाले होते. मी मागून गेले आणि दाभण त्याच्या मांडीत घातलं, मुठीपर्यंत. तो ओरडून पडला आणि मग लोक त्याच्यावर पडले. तासभर बदडून त्यांचे हात तापलेलेच होते. गायनमास्तर, ज्यांनी मुंगीला वाट दिली असती, ते त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत होते. त्यांची बहीण त्याच्या छातीवर बसली. शाळेतल्या बाईंनी चप्पल आणली. कुणीतरी त्याचं डोकं धरलं होतं आणि जमिनीवर आपटत होतं, जसं त्यानं आपटलं होतं तसंच. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो उरला नसता, आणि मला ते चाललं असतं.

"नाही," बारकी म्हणाली.

ओरडली नाही, बरगडी मोडली होती, ओरडायला श्वासच नव्हता. तरी ते थांबले. उगारलेले हात तसेच वर राहिले. गायनमास्तर स्वतःच्या मुठीकडे बघून रडायला लागले.

मी थांबले नाही. मी काही तिच्या वर्गात शिकलेली नाही. मी दाभण उपटलं आणि परत उगारलं, तेव्हा बारकीनं माझं मनगट धरलं. त्या वाकड्या बोटांनी, न विचारता. इतक्या वर्षांत तिनं मला न विचारता पहिल्यांदाच हात लावला होता, आणि तोही त्याच्यासाठी. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. खाली पत्रा ठोकणं चालूच होतं.

पुढे दवाखाना. बारकीच्या हाताला प्लास्टर, बरगड्यांना पट्टा. पाववालीचा डोळा गेला. डॉक्टरांनी तो काढला आणि खळग्यात कापूस भरला. कापूस हा शब्द ऐकून मला बाहेर जाऊन बसावं लागलं. कुलूपवाला वरच्या मजल्यावर होता, डोकं फुटलेलं, पाय सुजलेला, पण तोंड शाबूत. त्यानं पोलिसांना सांगितलं की बायको जिन्यावरून पडली, तो तिला घ्यायला गेला होता, आणि त्या तंत्रवाल्या बायकांनी त्याला जीवे मारायचा प्रयत्न केला.

इन्स्पेक्टर बाई आमच्याकडे आल्या. थकलेल्या, सरळ बोलणाऱ्या. "बाकीच्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, त्यानं तिला मारताना कुणी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी म्हणजे आरोपी. तिनं सांगितलं तर तो आत जाईल. ती ‘पडले’ म्हणाली तर तो घरी जाईल आणि तुम्ही आत. आज संध्याकाळी मी तिचा जबाब घेणार आहे."

मी बारकीला म्हटलं, "तिला सांग काय बोलायचं ते."

"मी सांगितलं तर त्यात तिचं काय राहिलं?"

"तिचं तिच्यापाशी राहू दे. मला गाद्या शिवायच्या आहेत, तुरुंगात घोंगड्या नाही."

बारकी उठली. आम्ही पाववालीच्या खोलीत गेलो. दार बारकीनं नेहमीप्रमाणे उघडं ठेवलं. अर्धा चेहरा पट्टीत, उरलेला निळा. एक डोळा छताकडे होता.

दुपारी तिच्या सासूबाई आल्या. मी दोन हात करायच्या तयारीत बसले होते, पण आली ती वाळकी, चालताना धाप लागणारी म्हातारी. तिच्या कपाळावरही एक जुनी खोक होती, कुणाची देणगी ते विचारावं लागलं नाही. सुनेच्या पायाशी बसून तिनं तिचे पाय चेपायला घेतले. विचारलं नाही.

"पोरी, त्याचा पाय अधू होईल म्हणतात," ती म्हणाली. "दुकान बसलं. त्याला शिक्षा झाली तर माझं काय? मला कोण बघणार? तू म्हण, पाय घसरला. तो आता सुधारेल, मार खाऊन आलाय. घरी आपण तिघं नीट राहू. चालेल ना?"

पाववालीचा डोळा छतावरून हलला नाही.

"चालेल," ती म्हणाली.

म्हातारीनं डोळे पुसले, पदरानं तिचे पाय पुसले, आणि जिन्याच्या दिशेनं सावकाश निघून गेली. मला वाटलं पलंगासकट सगळं उलटं करावं. एक डोळा देऊन, दात देऊन, ही बाई त्याच शब्दाशी आली होती. "बारकी, आता तरी बोल," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "हिच्यासाठी हात मोडून घेतलास. आपण दोघी आत जाणार आहोत. बोल काहीतरी."

बारकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात निकामी म्हणून तिला ते पुसताही येत नव्हतं. भ्यायली होती ती. मी तिला पुरतं ओळखते, कोंडलं जाण्यापलीकडे तिला जगात कशाची भीती नाही, आणि तुरुंगाला कडी असते. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. तो वाकडा डावा हात चादरीच्या कडेवर ठेवला, पाववालीच्या भाजक्या हातापासून थोडा लांब.

"मी शब्द दिला होता, तो पाळता आला नाही," ती म्हणाली. "मला खूप भीती वाटते आहे. तुझा हात धरू का?"

पाववालीनं मान वळवली. एका डोळ्यानं तिनं तो हात पाहिला, मग बारकीचा चेहरा पाहिला. बाहेर कुणीतरी औषधांची ढकलगाडी नेली. तिचे फुटलेले ओठ हलले, थांबले, परत हलले. आता चालेल येणार म्हणून मी दात आवळून बसले होते.

"नाही," ती म्हणाली.

बारकीनं लगेच हात मागे घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. "बरं," म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

पाववालीनं तो शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला, या वेळी जरा मोठ्यानं, कुणालाच उद्देशून नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, आमच्या सासूबाईंना परत बोलवा," ती म्हणाली. "त्यांना जिना उतरायला वेळ लागतो. अजून मधेच असतील."

मी गुडघे सावरत उठले आणि जिन्याकडे धावले.